ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले आणि जुन्या गेमिंग पीसीचा विषय घरोघरी निघाला. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत मुलं विचारतात, ‘पीसी सात-आठ वर्षांचा झाला, काय बदलू?’ विचारतानाच उत्तर ठरलेलं असतं: ग्राफिक्स कार्ड. गेम अडकला म्हणजे कार्ड म्हातारं झालं, हा समज फार पक्का आहे आणि त्यापायी घरच्यांचे पैसे फुकट जातात.

आधी साधं गणित. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावरची 60 चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात कोण कुठे आहे, कुणाला गोळी लागली, पडद्यावर काय दिसायला हवं हे प्रोसेसरने ठरवायचं आणि कार्डाने ते चित्र रंगवायचं. दोघं एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेमवर राबत असतात, म्हणून जो हळू त्याच्याच चालीने गेम चालतो. तो कोण, हे शोधायला दमडी लागत नाही. गेमचं रेझोल्यूशन 1920×1080 वरून 1280×720 वर आणा. पिक्सेल वीस लाखांवरून नऊ लाखांवर येतात, म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं. प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. फ्रेम झपकन वाढल्या तर अडथळा कार्डाचा. ढिम्म हलल्या नाहीत तर नवं कार्ड आणूनही हलणार नाहीत. मग प्रोसेसर किंवा रॅम, म्हणजे त्याची चालू कामाची मेमरी, बघा. डीडीआर4-2400 रॅमची एकच स्टिक असेल तर प्रोसेसरला सेकंदाला जास्तीत जास्त 19.2 जीबी माहिती मिळते. तशीच दुसरी योग्य खाचेत बसवली की 38.4. आणि नकाशाच्या नव्या भागात शिरतानाच गेम आचका देत असेल, तर बहुधा हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवणीची चिप, घालायची वेळ झालेली असते.

पण ही चाचणी गेम सुरू झाल्या झाल्या एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा करा. पहिली पाच-दहा मिनिटं सुरळीत आणि मग फ्रेम घसरत जात असतील, तर कुठलाच भाग जुना झालेला नाही, मशीन तापतंय. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो. किनाऱ्यावर हे फार लवकर होतं, आणि त्याला नुसती धूळ कारण नाही.

लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. ते पृष्ठभागावर येऊन फुटले की खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. जड थेंब किनाऱ्याजवळच पडतात, हलके वाऱ्याबरोबर आत येतात, आणि कॅबिनेटचे पंखे ती हवा दिवसभर आत ओढत असतात. आता पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते आठवा. साध्या मिठाचा म्हणजे सोडियम क्लोराईडचा एक उंबरठा आहे: हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं बाष्प खेचून घेतो आणि स्वतः त्यात विरघळून थेंब होतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि त्याचा उंबरठा 33 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मदरबोर्डवर, सगळे भाग जोडलेल्या मुख्य पट्टीवर, बसलेली खारी धूळ कोकणात वर्षभर थोडीफार ओली असते आणि जूनपासून तर ती चक्क खारं पाणी होते. खारं पाणी वीज वाहून नेतं. शेजारशेजारच्या दोन टोकांत दोन-तीन व्होल्टचा फरक असला की धन टोकाचा धातू आयन होऊन सुटतो आणि ऋण टोकावर जाऊन झाडाच्या फांद्यांसारखा वाढू लागतो. फांदी पलीकडे टेकली की शॉर्ट.

प्रोसेसरवरचा कूलर काढून बघा. ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी दिसेल. तिला बुरशी समजतात, पण ती गंजलेल्या ॲल्युमिनियमची असते. मिठातल्या क्लोराईडने त्यावरचं संरक्षक ऑक्साईड फोडलेलं असतं, आणि अशी पाती उष्णता नीट बाहेर टाकत नाहीत. रॅमच्या सोनेरी पट्टीवर हिरवट काळे ठिपके असतात. सोनं गंजत नाही, पण तो मुलामा इतका पातळ असतो की त्याला सूक्ष्म छिद्रं राहतात आणि खालचं तांबं तिथून वर येतं. हे ठिपके खोडरबराने घासायची पद्धत सगळीकडे आहे. ती सोडा, त्याने उरलेलं सोनंही जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरे.

पावसाळ्यात पीसी बंद करून प्लास्टिकने झाकून ठेवा, असा सल्ला हमखास मिळतो. तो उलटा आहे. 27 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 26 ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता 90 टक्के असेल तर त्यात सुमारे 23 ग्रॅम असतं. तीच हवा चालू कॅबिनेटमध्ये 37 अंशांवर गेली की मावण्याची मर्यादा 44 ग्रॅम होते. बाष्प तेवढंच, पण आर्द्रता 90 वरून 52 टक्क्यांवर! साध्या मिठाच्या उंबरठ्याच्या बरीच खाली. म्हणून श्रावणातही मशीन रोज थोडा वेळ चालवावं.

दृष्ट लागली म्हणून कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधणारे आणि ‘एका क्लिकमध्ये वेग दुप्पट’ म्हणत गेम बूस्टर विकणारे एकाच माळेचे मणी. आत काय झालंय ते दोघंही बघत नाहीत.

तेव्हा आधी साफसफाई, कूलरखाली नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारा लेप), आणि मग पुन्हा चाचणी. एवढ्यावर भागलं तर खरेदी विंडोज 11 पुरतीच उरते. इंटेलच्या सातव्या पिढीतले बहुतेक प्रोसेसर, उदाहरणार्थ आय5-7400, त्याला चालत नाहीत. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच आकाराच्या सॉकेटात, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या खोबणीत, बसतो, पण त्या जुन्या बोर्डावर सुरू होत नाही. म्हणजे बोर्डही बदलायचा. एएमडीच्या एएम4 सॉकेटवाल्यांचं बरं आहे. 2017 च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून 2022 चा रायझन 7 5800एक्स3डी चालतो आणि त्याची 96 एमबीची एल3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, गेमला थेट कामी येते.

कार्डच घ्यायचं ठरलं तर एसएमपीएसचं, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचं, वय आधी बघा. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांचं) आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं, आणि तुमचा एसएमपीएस आठ उन्हाळे काढून बसलाय. त्याच्या जिवावर नवं कार्ड टाकू नका. दोन्हीचे पैसे जमत नसतील तर यंदा एसएमपीएस घ्या, कार्ड पुढच्या वर्षी.