चाक व टायर यांच्या आवाजाचे निदान

मोटारगाडी धावत असताना चाके, टायर, चाकांची बेअरिंगे (चाक सहज फिरावे म्हणून मध्यभागी बसवलेली, आत गोळ्या असलेली पोलादी कडी), ब्रेक आणि ॲक्सल यांतून येणाऱ्या आवाजावरून बिघडलेला भाग ओळखण्याची रीत. गाडी गॅरेजमध्ये देताना मालक बहुधा ‘खालून आवाज येतोय’ एवढेच सांगतो आणि जॉबकार्डावरही (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावरही) तेवढेच लिहिले जाते. त्यात सर्वांत वरचेवर येणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा प्रश्न एकच : वेग वाढला की घुमणारा आवाज टायरचा की बेअरिंगचा? दोन्ही आवाज वेगाबरोबर चढतात, दोन्ही गिअर बदलला तरी हटत नाहीत आणि आतल्या माणसाला दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्यामुळे चांगले बेअरिंग काढून नवे बसवले जाते आणि आवाज जिथल्या तिथे राहतो. उलटही घडते, चार नवे टायर घेऊन झाल्यावर कळते की दोष मागच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात, होता.

आवाजाची दिशा ओळखण्यात कान फसतो, याला कारण आहे. १०० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाची हवेतील तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर असते, म्हणजे छोट्या गाडीच्या लांबीएवढी. इतक्या लांब लहरी दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच तऱ्हेने पोचतात. शिवाय हा खालच्या सुरातला आवाज हवेतून कमी आणि लोखंडातून जास्त येतो : हबमधून नकलमध्ये (हबला धरून ठेवणाऱ्या जाड लोखंडी भागात), तिथून लोअर आर्म (नकलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) व शॉक ॲब्सॉर्बरमधून बॉडीच्या पत्र्यात. जो पत्रा थरथरतो तिथून आवाज आल्याचा भास होतो. मागच्या डाव्या चाकाची घरघर चालकाला डॅशबोर्डखालून ऐकू येते ती अशी. म्हणून आवाज कुठून येतो याच्या मागे फार न लागता तो कशाने बदलतो हे पाहणे, हा या निदानाचा पाया आहे. वेग, वळण, गिअर, ब्रेक आणि रस्त्याचा पृष्ठभाग या पाच गोष्टी एकेक करून बदलायच्या आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या.

पहिली पायरी म्हणजे आवाज इंजिनाचा नाही याची खात्री. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या वेगात क्लच दाबून गाडी क्षणभर न्यूट्रलवर सोडली, इंजिनाचे फेरे खाली आले आणि तरीही आवाज तोच राहिला, तर तो चाकांकडचा. ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि पाय काढताना दुसरा सूर येत असेल, तर गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलकडे (इंजिनाची ओढ डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरांकडे) संशय जातो. ही चाचणी घाटाच्या उतारावर करू नये. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा ब्रेक मिळत नाही.

थोडे गणित इथे उपयोगी पडते. १८५/६५ आर १५ मापाच्या (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच) टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी २० किलोमीटरला असे चाक सेकंदाला जेमतेम तीन फेरे घेते, ८० ला साडेअकरा. हळू चालताना सेकंदाला तीनच्या लयीत ‘धप, धप, धप’ येत असेल, तर दोष टायरच्या घेरावर एकाच जागी आहे : फुगवटा, सपाट झालेला भाग किंवा रुतलेला खिळा. फेऱ्याला अनेक वेळा वाजणारी गोष्ट वेगळी असते. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठोके मोजणे हा साधा उपाय आहे, पण फार थोडे लोक तो करतात.

टायरला निर्दोष असतानाही आवाज असतोच. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या मोटारीत ताशी ३०-४० किलोमीटरनंतर इंजिनापेक्षा टायर-रस्त्याचा आवाज वरचढ होतो. नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांतली हवा दाबली जाऊन बाहेर फेकली जाते, आणि ठोकळा सुटताना थरथरतो. घेरावर ठोकळ्यांच्या सत्तर ओळी असतील तर ८० च्या वेगाला सेकंदाला सुमारे ८०० आघात होतात, आणि माणसाचा कान त्या पट्टीत बराच तीक्ष्ण असतो. सगळे ठोकळे एकाच लांबीचे असते तर टायर भोंग्यासारखा एकसुरी वाजला असता. म्हणून उत्पादक मुद्दाम ठोकळ्यांची लांबी कमीजास्त ठेवतात आणि आवाज अनेक सुरांत पसरवतात. टायरमधल्या हवेचाही स्वतःचा सूर असतो. वर दिलेल्या मापाच्या टायरमध्ये तो २२० हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि पुलाच्या सांध्यावरून जाताना येणारा ‘टण्ण’ नाद बहुतांशी त्याचा असतो. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. विजेवरच्या गाड्यांत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे हा नाद जास्त जाणवतो; काही टायरांत त्यासाठी आतून फोमचा पट्टा चिकटवलेला असतो.

रस्त्याचा पृष्ठभाग ही निदानातली सर्वांत स्वस्त चाचणी आहे, आणि महाराष्ट्रात तिची सोय चांगली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग हे काँक्रीटचे रस्ते आहेत. पाणी निघून जावे आणि पकड राहावी म्हणून काँक्रीट ओले असताना त्यावर रेघा ओढतात; सारख्या अंतरावरच्या अशा आडव्या रेघांवरून चाक गेले की टायर गातो. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर उतरताच आवाज पडला किंवा त्याची जात बदलली, तर तो टायर-रस्त्याचा. डांबरावरही तीच घरघर तशीच राहिली, उलट बाकीची गडबड कमी झाल्याने जास्त स्पष्ट झाली, तर बेअरिंगकडे वळावे. द्रुतगती मार्गावर चढल्याबरोबर ‘बेअरिंग गेले’ म्हणून घाबरणारे अनेक जण खोपोलीला बाहेर पडून जुन्या रस्त्याला लागताच शांत होतात.

टायर असमान झिजला की आवाज खऱ्या अर्थाने दोषाचा होतो. ठोकळ्याची एक कड उंच आणि दुसरी खाली गेली की नक्षी करवतीच्या दात्यांसारखी होते. डोळ्यांना हे पटकन दिसत नाही, हाताला लागते : गाडी उभी करून, टायर थंड झाल्यावर तळवा नक्षीवरून घेराच्या दिशेने एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवावा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने टोचरे लागले तर आवाजाचे मूळ सापडले. आतून बाहेर आणि बाहेरून आत असा आडवा हात फिरवताना तोच फरक लागला, तर चाकांचा टो (चाके सरळ पुढे न पाहता किंचित आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) बिघडलेला आहे, म्हणजे अलाइनमेंट करावे लागेल. तळहाताएवढ्या अंतराने खड्डे-उंचवटे लागत असतील तर बहुधा शॉक ॲब्सॉर्बर मेला आहे किंवा बॅलन्सिंग बराच काळ झालेले नाही. चाक रस्त्यावर उड्या मारत झिजले आहे.

भारतातल्या लहान गाड्यांत हा दोष मागच्या टायरांत जास्त आढळतो. मागे वजन कमी, चाकांना इंजिनाची ओढ नाही, आणि बहुतेक हॅचबॅक गाड्यांच्या मागच्या बीम ॲक्सलवर (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकसंध आडव्या दांड्यावर) टो बदलण्याची सोयच नसते. अशा गाडीत टायरांची पुढेमागे अदलाबदल हाच उपाय, आणि तो दर ५,००० ते १०,००० किलोमीटरला केला तरच. एकदा करवत तयार झाल्यावर टायर पुढे आणले की आवाज आधी वाढतो आणि मालक गॅरेजवाल्याशी भांडतो. खरे म्हणजे आवाज टायरबरोबर पुढे आला, हाच टायरचा दोष असल्याचा पुरावा. बेअरिंग असते तर आवाज मागेच राहिला असता.

बेअरिंगचे बिघडणे वेगळ्या वाटेने होते. गोळ्या ज्या कड्यावरून धावतात त्या कड्याचा पोलादी पृष्ठभाग थकून कपच्या निघतात, आणि प्रत्येक गोळी त्या खळग्यावरून जाताना ठोका देते. हे ठोके वेगात एकमेकांत मिसळून ‘घूंऽऽ’ असा आवाज होतो. आपल्याकडे त्याला दोन कारणे लवकर गाठतात. एक, खड्डा : कडेने चाक जोरात आपटले की गोळ्यांचा ठसा कड्यावर उमटतो आणि आवाज तिथून सुरू होऊन महिनोन्‌महिने वाढत जातो. दुसरे, साचलेले पाणी. बराच वेळ धावून हब तापलेला असताना गाडी गुडघाभर पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि सीलच्या (बेअरिंगच्या तोंडावरच्या रबरी झाकणाच्या) ओठातून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ होते, गंज धरतो, आणि पावसाळा संपल्यावर घरघर सुरू होते. तोपर्यंत मालक ते पाणी विसरलेला असतो.

बेअरिंगची ओळख वळणात पटते. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जाते. तेव्हा आवाज चढला आणि उजवीकडे वळताना उतरला, तर उजवे बेअरिंग संशयित. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, हलका नागमोडी हात फिरवून हे कळते. मात्र हा नियम पक्का नाही. हल्लीच्या बेअरिंगांत गोळ्यांच्या दोन ओळी असतात आणि खराब ओळ कुठली यावर उलट निकालही येतो. म्हणून वळणाच्या चाचणीने बाजू ठरवायची, पण पैसे खर्च करण्यापूर्वी जॅक लावायचा.

जॅक आणि स्टँडवर गाडी उचलून चाक हाताने फिरवताना दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते, कानाला ऐकू आली नाही तरीही. चाकावर भार नसल्याने पुष्कळदा आवाज येतच नाही, तेव्हा ‘जॅकवर फिरवून पाहिले, काही नाही’ यावर बेअरिंग निर्दोष सुटत नाही. मग चाक वर-खाली धरून हलवावे, नंतर डावे-उजवे धरून. दोन्हीकडे खेळ असेल तर बेअरिंग. फक्त डाव्या-उजव्या हालचालीत असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा नकलला जोडणारा सांधा). फक्त वर-खाली असेल तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि नकल यांमधला सांधा). मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून खेळ नाहीसा झाला, तर तो बेअरिंगचाच, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल एकत्र बांधली गेली. जुने मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक नकलवर आणि मूठ कानाला लावून ऐकतात. पद्धत योग्य आहे. फक्त फिरत्या भागापासून दूर राहावे.

बाकीचे आवाज ओळखायला सोपे आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना ‘टक-टक-टक’ म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेले असतानाही त्याला इंजिनाची ओढ पोचवणारा ॲक्सलचा सांधा). बहुधा त्याचा रबरी बूट फाटलेला आणि आतल्या बाजूला ग्रीस उडालेले दिसते. रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारी खरड डिस्कवरच्या गंजाची असते, ती आपोआप जाते. ब्रेक न दाबता येणारी बारीक ‘चीं’ ब्रेक दाबताच थांबली, तर पॅड संपत आल्याचे सांगणारी पत्र्याची पट्टी डिस्कला लागते आहे. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कानठळ्या बसवणारी करकर सुरू झाली तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला आहे. गाडी चार-पाच वेळा पुढेमागे केली की तो बहुधा पडतो. या खड्यासाठी लोकांनी नवे पॅड घेतलेले आहेत.

दोन आवाजांत मात्र निदान नंतर, आधी गाडी थांबवणे. पंक्चर काढून आल्यावर हळू वेगात चाकाकडून ‘खट-खट’ येऊ लागली तर नट ढिले आहेत. लहान गाड्यांत हे नट साधारण १०० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या पिळाचे माप) इतके, नेमका आकडा पुस्तिकेत पाहून, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे असतात, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. दुसरा आवाज फुगवटा आलेल्या टायरचा. खड्ड्यात आपटून बाजूच्या भिंतीतले धागे तुटले की हवा तिथे पोट काढते. असा टायर ठिगळ लावून चालवण्याचा नसतो, जिथे दिसला तिथेच स्टेपनी लावायची.

टायरच्या आवाजाला आता कायद्याचीही चौकट आहे. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१२ पासून टायरवरच्या लेबलात बाहेर जाणारा आवाज डेसिबलमध्ये द्यावा लागतो. भारतात एआयएस-१४२ या वाहन उद्योगाच्या मानकात फिरण्याचा रोध आणि ओल्यावरची पकड यांबरोबर आवाजाचीही मर्यादा आहे. हे आकडे नव्या टायरचे आणि रस्त्याकडेला मोजलेले असतात. गाडीच्या आत किती ऐकू येईल किंवा ३०,००० किलोमीटरनंतर टायर कसा वाजेल, हे त्यांवरून कळत नाही.

बेअरिंग बदलताना ते बहुधा प्रेसवर (दाबयंत्रावर) बसवावे लागते. हातोडीने ठोकले, किंवा आतल्या कड्यावर जोर देऊन बाहेरचे कडे बसवले, तर जोर गोळ्यांमधून जातो आणि नव्या कड्यावर पहिल्याच दिवशी ठसे पडतात. काही महिन्यांत तीच घरघर परत येते आणि दोष मालाला दिला जातो. ज्या बेअरिंगच्या सीलमध्ये एबीएससाठी (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी) चुंबकीय कडे असते, ते उलटे बसले तर सेन्सरला वेग कळत नाही. आवाज थांबतो आणि एबीएसचा दिवा लागतो.