जॉकी पंप कुठला, मेन पंप कुठला?

उंच इमारतीच्या पंपरूममध्ये लाल पाइपांना जोडलेल्या दोन-तीन मोटारी शेजारीशेजारी दिसतात. सोसायटीत सगळ्यांना सरसकट ‘फायरचा पंप’ म्हणतात. त्यातला लहान तो जॉकी, मोठा तो मेन. दोन्ही ऑटोवर असतात, पण दोघांचं ऑटो एकसारखं नसतं.

हायड्रंट (आग विझवायला होज जोडायचा नळ) आणि स्प्रिंकलर (आगीच्या उष्णतेने आपोआप पाणी फवारणारी तोटी) यांची लाइन कायम भरलेली आणि दाबाखाली असावी लागते. एवढ्या लांब पाइपात कुठेतरी थेंबथेंब गळतंच. समजा दाब सात किलो (दर चौरस सेंटीमीटरला) ठेवलाय. तो सहावर आला की प्रेशर स्विच जॉकीला चालू करतो, सात झाला की जॉकी आपोआप बंद. पण आग लागून कुणी हायड्रंट उघडला, तर जॉकी पुरा पडत नाही. बऱ्याच इमारतींत तो मिनिटाला १८० लिटरचा असतो आणि मेन २,२८० लिटरचा. दाब आणखी उतरून, समजा, पाचवर आला की मेन सुरू होतो. तोही चालला नाही, तर त्याहून खालच्या आकड्यावर डिझेल पंप.

मेन मात्र आपोआप बंद व्हायला नको. तो पंपरूममध्ये जाऊन हातानेच बंद करायचा. जवानाने नोझल क्षणभर मिटलं की लाइनचा दाब चढतो. तेवढ्यावर पंप थांबला, तर ऐन आगीत त्याच्या हातातली धार मंदावेल. गच्चीवरच्या टाकीच्या पंपाचं ‘भरलं की बंद’ हे गणित इथे लावू नका.

आमच्या सोसायटीत जॉकी रात्री दर दहा मिनिटांनी घरघरायचा. पहिल्या मजल्यावरून तक्रार आली आणि वॉचमनने त्याचा स्विच ऑफ केला. पहाटेपर्यंत दाब उतरला, मेन दणक्यात सुरू झाला. तो काही थांबेना, म्हणून त्यालाही मॅन्युअलवर टाकलं. महिनाभराने मी गेज पाहिला तर काटा शून्यावर. एकोणीस मजले, आणि लाइनमध्ये दाबच नाही! आठवलं की आजही छातीत धस्स होतं. वॉचमनला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गळती निघाली बेसमेंटमधल्या एका हायड्रंट व्हॉल्व्हला. दुरुस्ती अर्ध्या तासाची.

म्हणून जॉकी सारखा चालू-बंद होत असेल तर आधी गळती शोधा. आग नसताना मेन सुरू झाला तर आधी जॉकीकडे बघा.

महाराष्ट्रात २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावं लागतं. पण मधले सहा महिने स्विच कुठे आहे हे कमिटीनेच पाहायचं. महिन्यातून एकदा प्लंबरला घेऊन टेस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडा: आधी जॉकी सुरू व्हायला हवा. आणखी उघडा: मेन. व्हॉल्व्ह बंद करा, मेन हाताने थांबवा आणि दोन्ही स्विच पुन्हा ऑटोवर आल्याचं स्वतः पाहूनच पंपरूमला कुलूप लावा.