पोलादाची गाळणी भोकांनी गाळत नाही

नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या एखाद्या फाउंड्रीत वितळलेलं पोलाद साच्यात ओतताना गाळायचा सिरॅमिक फिल्टर नवख्या माणसाच्या हातात दिला, की पहिला प्रश्न ठरलेला: "एवढाली भोकं! यात काय अडकणार?" शंका रास्त आहे. या फिल्टरची भोकं साधारण दोन-तीन मिलिमीटरची असतात आणि धरायचे कण मायक्रोमीटरमध्ये मोजायचे. 10 मायक्रोमीटरच्या कणासाठी हे भोक अडीचशेपट मोठं झालं.

हे कण बऱ्याचदा आपणच तयार करतो. वितळलेल्या पोलादात ऑक्सिजन विरघळलेला असतो. तो काढायला ॲल्युमिनियम टाकतात. दोघांचं ॲल्युमिना बनतं. ते 2000 अंश सेल्सिअसच्या वर वितळतं, त्यामुळे 1600 अंशांच्या पोलादात घनच राहतं. पुढे मशीन शॉपमध्ये इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या टोकाची, धार हेच कण खातात, आणि वारंवार ताण सोसणाऱ्या भागात तडा गेला तर अनेकदा तो अशाच कणापासून सुरू झालेला असतो.

ॲल्युमिना पोलादापेक्षा हलकं आहे, मग ते आपोआप वर येऊन पोलादावर तरंगणाऱ्या मळीत का जात नाही? मोठे कण येतातही. पण वर येण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो. द्रवातल्या कणाचा वेग सांगणाऱ्या स्टोक्सच्या सूत्रात आकडे घातले तर 100 मायक्रोमीटरचा कण मिनिटाला पंधरा-सोळा सेंटिमीटर चढतो आणि 10 मायक्रोमीटरचा कण तासाला जेमतेम 10 सेंटिमीटर. तेवढा वेळ पोलादाने भरलेलं लॅडल, म्हणजे ओतायचं भांडं, धरून कोण उभं राहणार?

आता खरी गंमत. वितळलेलं लोखंड ॲल्युमिनाला भिजवत नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं अंग चोरून बसतं. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या वीस-पंचवीसपट आहे. प्रवाह फिल्टरच्या वाकड्यातिकड्या वाटांतून वळणं घेतो, तेव्हा त्यातले काही कण भिंतीला जाऊन टेकतात. कणही न भिजणारा, भिंतही न भिजणारी. मग त्या दोघांमधल्या फटीतून पोलाद स्वतःच मागे सरतं, तिथे एक इवलीशी पोकळी उरते, आणि भोवतालचं पोलाद कणाला भिंतीवर दाबून ठेवतं. एवढ्या तापमानात काही सेकंदांतच कण आणि भिंत यांच्यात सांधा धरू लागतो आणि कण तिथेच भाजून चिकटतो. त्यावर पुढचा कण, त्यावर आणखी एक. धरणारी गोष्ट भोक नव्हे, भिंत.

म्हणूनच भिंतीवरच्या लेपाला महत्त्व. पॉलियुरेथेनचा स्पंज सिरॅमिकच्या रबडीत बुडवून, पिळून, वाळवून भाजला की स्पंज जळून जातो आणि त्याच आकाराचा सांगाडा उरतो. सांगाडा कार्बनच्या बंधाने धरलेल्या ॲल्युमिनाचा असेल, तर वितळलेल्या पोलादाचा अचानक बसणारा चटका तो न तडकता सोसतो. पण कार्बन पोलादात विरघळतो, आणि कमी कार्बनच्या पोलादाला ते परवडत नाही. मग सांगाड्यावर शुद्ध ॲल्युमिनाचा पातळ थर द्यायचा. चटका आतला कार्बन सोसतो, पोलादाला शिवते ती वरची त्वचा. आणि ती ज्या कणांना धरायचं त्यांच्याच जातीची. जर्मनीत फ्रायबर्गला, 1765 साली स्थापन झालेल्या खनिकर्म विद्यापीठात, अशा फिल्टरांवर मोठं काम झालं आहे.

भट्टीची खंडेनवमीला पूजा जरूर करावी. पण रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, वाढल्यावर फक्त दारावरची लिंबू-मिरची बदलणाऱ्यांनी एकदा फिल्टर कापून आतली भिंत सूक्ष्मदर्शकाखाली बघावी.

न भिजण्याची किंमतही आहे. पोलाद भोकात शिरायलाच तयार नसतं. वर काही सेंटिमीटर उंचीचा पोलादाचा रस साचला, की त्या दाबानेच ते आत ढकललं जातं. तेवढ्या वेळात ते थंड होऊन थिजलं तर फिल्टर बंद, साचा अर्धवट. म्हणून ओतताना तापमान थोडं चढं ठेवावं लागतं. फिल्टरची जागाही साच्याच्या शक्य तितकी जवळ हवी, कारण फिल्टरनंतर रस पुन्हा हवेत उसळला तर नवे ऑक्साइड तयार होणारच.

विरघळलेल्या हायड्रोजनला मात्र फिल्टर हातही लावू शकत नाही. तो कण नाहीच, भिंतीला टेकणार काय? कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, त्याची भोकं दिसली, तर फिल्टरवाल्याशी भांडण्याआधी वाळूची ओल आणि गंजलेलं भंगार तपासा.