डाव्या पायाला लागणारी धग

मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला परतत होतो. साखरपा मागे पडलं, आंबा घाट सुरू झाला आणि पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला. त्याच्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये वीसेक मिनिटं चढत राहिलो. एसीचा गार वारा तोंडावर येत होता, पण माझा डावा पाय भाजून निघत होता. शेजारी बसलेल्या आईने चपला काढून पाय सीटवर घेतले आणि म्हणाली, "अरे, खाली शेगडी ठेवल्यासारखं लागतंय."

शेगडीच होती ती. गाडी टर्बो पेट्रोल. टर्बो समजून घ्यायला आपल्याकडची जुनी चूल पुरेशी आहे. चुलीवर भाकरी भाजते आणि बाजूने निसटणाऱ्या जाळावर, म्हणजे वैलावर, आमटी शिजते. टर्बो हा इंजिनाचा वैल. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं, त्यामुळे लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. कल्पना सुंदर आहे. फक्त वैल चुलीइतकाच तापतो, आणि गाडीत तो आपल्या पायांपासून हातभर अंतरावर असतो.

किती तापतो, याचा हिशेब मी घरी येऊन मांडला. माणसं आणि सामान धरून 1600 किलोची गाडी 6 टक्के चढावर ताशी 40 किलोमीटरने न्यायची तर नुसत्या चढासाठी साधारण 10 किलोवॅट लागतात. टायरचं घर्षण आणि एसी धरून 15 म्हणू. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्साच कामाला लावतं. म्हणजे दुप्पट, 30 किलोवॅटच्या आसपास, उष्णता होऊन बाहेर पडते. थोडी कूलंटमार्गे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यामार्गे, रेडिएटरला जाते, थोडी धुरातून सायलेन्सरकडे. घरातला गिझर 2 किलोवॅटचा असतो. असे पंधरा गिझर बोनेटखाली आणि पायाखाली चालू आहेत असं समजा. सपाट रस्त्यावर वेग असतो, वारा ही उष्णता वाहून नेतो. घाटात ट्रकच्या मागे उष्णता भरपूर आणि वारा नाही. सिग्नलला उभ्या गाडीतही इंजिन तासाला पाऊण लिटर पेट्रोल जाळत असतं, म्हणजे साडेसहा किलोवॅटच्या घरात, आणि तेव्हा गाडी हलत नसल्याने जवळजवळ सगळ्याची उष्णताच होते.

आता ही उष्णता आत येते कशी? मला वाटायचं, तापलेल्या हवेमुळे. ते अर्धवट खरं आहे. पेट्रोल टर्बोत शिरणारा धूर जोर लागल्यावर 900 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो, त्यामुळे टर्बोचं बिडाचं कवच तांबूस दिसेपर्यंत तापतं. इतक्या तापलेल्या वस्तूची बरीच उष्णता हवेच्या मदतीशिवाय, थेट किरणांनी निघते. शेकोटीसमोर बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, ती हीच किरणं. योझेफ स्टेफान यांनी 1879 मध्ये मांडलेला नियम सांगतो की, हे उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घातानुसार वाढतं. 700 अंशांवरचं कवच 350 अंशांवर आलं तर त्याची किरणं निम्मी होत नाहीत, सहाव्या हिश्श्यावर येतात. आणि 700 अंशांवर असताना त्या बिडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून निघणारी उष्णता भर दुपारच्या उन्हाच्या चाळीसेक पट असते. समोरचा फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या भिंतीचा, पत्रा हे ऊन खातो, तापतो, आणि आतल्या बाजूने आपल्या पायांवर टाकतो.

2020 च्या एप्रिलपासून भारत स्टेज 6 हे धुराच्या प्रदूषणाचं कडक मानक लागू झालं तेव्हापासून यात आणखी एक भर आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर 250–300 अंशांच्या वर गेल्याशिवाय धूर नीट साफ करत नाही. तो लवकर तापावा म्हणून आता टर्बोला अगदी खेटून बसवतात. बऱ्याच गाड्यांत ही सगळी मंडळी इंजिन आणि फायरवॉल यांच्या मधल्या अरुंद फटीत असतात. तिथून पाइप खाली वळतो आणि गाडीच्या मधोमध असलेल्या बोगद्यातून मागे जातो. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून बोगदा त्याच्या डाव्या पायाशी येतो. डावीकडे बसलेल्या आईच्या उजव्या पायाशीही तोच बोगदा.

किरणांना अडवायला जाड गोधडी लागत नाही, चकचकीत पातळ पत्रा लागतो. थर्मासच्या काचेला आतून चांदीचा मुलामा देतात तो याचसाठी. 1992 मध्ये जगासमोर आलेल्या मॅक्लारेन एफ1 या गाडीत टर्बो नव्हता, पण तिच्या इंजिनाच्या कप्प्याला सोन्याच्या वर्खाचं अस्तर होतं, कारण सोनं उष्णतेची किरणं फार उत्तम परतवतं. आपल्याला अॅल्युमिनियम पुरतं. कागदावरचा हिशेब असा: दोन मळकट पृष्ठभागांच्या मधे दोन्ही बाजूंनी चकचकीत असा एकच पत्रा उभा केला, तर किरणांनी जाणारी उष्णता साधारण चौदाव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात कडांवरून, बोल्टमधून थोडी निसटते, तरी फरक प्रचंड असतो. अट एकच, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर हवा हवी. तोच पत्रा पाइपला चिकटून बसला की उष्णता धातूतून सरळ पलीकडे जाते आणि चकाकीचा उपयोग संपतो. तेल आणि धूळ बसून काळा पडला तरी तसंच.

हाच पत्रा, हीट शील्ड, आपल्याकडे सर्वांत उपेक्षित भाग आहे. तीन-चार वर्षांत त्याचा एखादा बोल्ट गंजतो, गाडी सुरू केली की खडखड वाजते, आणि गॅरेजमध्ये "काढून टाकू का?" असं विचारलं जातं. आपण हो म्हणतो. मी म्हटलं होतं. आंबा घाटातल्या त्या दिवसानंतर गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा बोगद्यातला पुढचा पत्रा जागेवर नव्हता. मोठा वॉशर टाकून तो पुन्हा बसवता आला असता, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी निघाली. जादा दिवे बसवताना वायर आत घेण्यासाठी फायरवॉलला अंगठ्याएवढं भोक पाडलं होतं आणि त्यात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरभोवती भोक बंद करणारी कडी, घातलंच नव्हतं. बोनेटखालची तापलेली हवा तिथून सरळ पायांवर येत होती. असंच एक दार काचेखालच्या जाळीत असतं. एसीला बाहेरची हवा तिथून मिळते. बोनेटच्या मागच्या कडेचं रबरी बीडिंग फाटलं असेल तर उभ्या गाडीत इंजिनाची गरम हवा त्याच जाळीत शिरते. म्हणून ट्रॅफिकमध्ये रीसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं बटण, चालू ठेवावं. काही जण उष्णता बाहेर पडावी म्हणून बोनेटची मागची कड वॉशर लावून उचलतात. हे करू नका. चालत्या गाडीत काचेपाशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी बोनेटमध्ये शिरण्याचीच शक्यता जास्त, आणि थांबल्यावर वाफारा जाळीत जातो.

टर्बोला घालायचं ब्लँकेट आणि पाइपला गुंडाळायची पट्टी हल्ली सहज मिळते. ब्लँकेट उगमापाशीच उष्णता रोखतं, म्हणून तत्त्वतः उत्तम. पण ते त्या टर्बोच्या मापाचं आणि पक्कं बांधलेलं हवं. पट्टीबद्दल माझं मत वाईट आहे. कोकणातल्या पावसात ती पाणी धरून ठेवते आणि आतला पाइप गंजतो. तेलाची गळती तिच्यात मुरली तर आग लागू शकते. केबिनमध्ये चिकटवायच्या डांबरी शीट्स आवाज कमी करतात, त्यांच्याकडून उष्णतेची अपेक्षा ठेवू नये.

एवढं करूनही पाय तापत असतील तर डॅशबोर्डमागे बघायला सांगा. अनेक गाड्यांत हीटरच्या कॉइलमधून 90 अंशांचं कूलंट उन्हाळ्यातही फिरत असतं, आणि तिची धग अडवणारी झडप नीट मिटत नसेल तर एसी तिच्याशीच झुंजत राहतो.

फरक मोजायला मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला आणि पहिल्याच दिवशी फसलो. चकचकीत पृष्ठभाग स्वतः कमी किरणं सोडतो, म्हणून तापलेला पत्राही यंत्राला गार वाटतो. त्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून टेपचं तापमान मोजलं की आकडा खरा येतो. शक्यतो पायाखालच्या मॅटवरच मोजावं.

पत्रा बसवला, ग्रोमेट घातलं, बीडिंग बदललं. गणपतीत पुन्हा तोच घाट चढलो. पाऊस होता, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, हे मान्य. पण आईने चपला काढल्या नाहीत. माथ्याजवळचा शेवटचा किलोमीटर पाय हलका ठेवून चालवला, कारण इंजिन बंद केल्यावर पाणी, तेल आणि वारा तिन्ही थांबतात आणि बिडात साठलेली उष्णता मग सगळीकडे मुरत जाते. तापलेल्या तव्याखालचा गॅस बंद केला तरी भाकरी करपते तशी. गाडी रस्त्याकडेच्या खडीवर लावली. हिवाळा सरल्यावर माथ्यावरचं गवत वाळलेलं असतं. तेव्हा तापलेला कन्व्हर्टर घेऊन गवतात गाडी उभी करणं म्हणजे वणव्याला बोलावणं, म्हणून ही सवय पावसाळ्यातही मोडायची नाही असं ठरवलं आहे.