च्युई घेण्याआधी मुलाची कॉलर बघा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, दादर)

शर्टाची कॉलर, आयकार्डाची दोरी, पेन्सिल, बाटलीचं तोंड, रिमोटची बटणं. मूल हाताला लागेल ते चावतं, म्हणून तुम्ही आमच्याकडे च्युई घ्यायला येता. च्युई म्हणजे मुलाने चावावी म्हणूनच बनवलेली रबरासारखी वस्तू, गळ्यातलं पदक, पेन्सिलीची टोपी किंवा हातात धरायची कांडी. ते का चावतं हे बहुतेकांनी डॉक्टरांकडून किंवा थेरपिस्टबाईंकडून ऐकलेलं असतंच, तेव्हा इथे थोडक्यात. दोन वर्षांपर्यंत सगळंच तोंडात जाणार, त्याची काळजी नको. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, तेव्हाही काही मुलं काही काळ चावतात. पण एरवीही रोज, गृहपाठाला बसल्यावर, गर्दीत, अनोळखी घरी गेल्यावर चावणं चालूच असेल, तर बहुधा त्या मुलाला जबड्यावर येणारा दाब हवा असतो. त्या दाबाने ते शांत होतं, त्याचं लक्ष एका जागी राहतं. ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सारखी चुळबुळ होते) असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं. तसं काहीही निदान नसलेली मुलंही चावतात. ओरडून ते थांबत नाही. फार तर कॉलर सुटते आणि नखं सुरू होतात.

आता ज्यासाठी हे पत्रक छापलं ते.

"मऊतलं मऊ दाखवा"

काउंटरवर हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. "मऊतलं मऊ दाखवा, दातांना लागायला नको." आईच्या जिवाला असं वाटणं साहजिक आहे. पण जे मूल पेन्सिलीचं लाकूड फोडतं, त्याच्या दाढेखाली मऊ च्युई फार दिवस टिकत नाही. आधी चिरा पडतात, मग कडेचा तुकडा सुटतो. तो गिळला जाऊ शकतो, घशात अडकू शकतो. नशिबाने तो थुंकला तर तुम्ही पिशवीत घालून आमच्याकडे आणता आणि म्हणता, माल खराब निघाला. माल बरा असतो, चाव्याचा अंदाज चुकलेला असतो. उलटंही होतं. नुसती दोरी चोखणाऱ्या मुलीला कडक च्युई दिली तर ती दोन मिनिटांत बाजूला ठेवते आणि परत दोरी तोंडात घालते. मग घरी ठरतं की "आमच्या मुलीला च्युई आवडतच नाही."

म्हणून आमची एकच विनंती: येताना मुलाने चावलेली वस्तू घेऊन या. वय सांगून आम्हाला काही कळत नाही. चार वर्षांचा मुलगा नववीतल्या मुलापेक्षा जोरात चावू शकतो. वस्तू समोर असली की अंदाज येतो. कॉलर नुसती ओली होऊन आक्रसली आहे आणि कापड शाबूत आहे, तर मऊ पुरेल. शिवणीतून दोरे ओढले गेलेत, बारीक भोकं पडलीत, तर मध्यम. पेन्सिलीचं लाकूड चिरलंय, टोपणाचा चुरा झालाय, बाटलीचं तोंड तुटलंय, तर सरळ कडक. दोन प्रकारांच्या मध्ये वाटलं तर कडकच्या बाजूला झुका.

दुसरं बघायचं ते खुणा कुठे आहेत. पेन्सिलीच्या टोकाला ओळीने बारीक खाचा असतील तर मूल पुढच्या दातांनी कुरतडतंय. त्याला गळ्यातलं पदक किंवा पेन्सिलीवर बसणारी टोपी चालते. पण कॉलरचं टोक सोडून आतला कापडाचा बोळा चेचलेला दिसला, तर ते दाढांनी चावतंय. गळ्यातलं चपटं पदक दाढेपर्यंत नीट पोचत नाही, तिथे लांबट कांडी लागते. हे न बघता घेतलेली पदकं घरोघरी ड्रॉवरमध्ये पडून असतात. ती विकून आम्हाला पैसे मिळतात हे खरं, पण ते गिऱ्हाईक परत येत नाही.

रंगावर जाऊ नका. आमच्याकडे एकाच निळ्या रंगात तिन्ही प्रकार आहेत. सिलिकॉनचा कडकपणा शोर ए या मापात मोजतात, आकडा जितका मोठा तितकं ते कडक. पाकिटावर आकडा असेल तर तो बघा. नमुने काउंटरवर ठेवले आहेत, बोटांनी दाबून बघा.

फोडलेलं पाकीट परत का घेत नाही

कारण ती तोंडात घालायची वस्तू आहे. "एकदाच लावलं हो तोंडाला" हे मान्य, पण तुमच्या मुलासाठी दुसऱ्याच्या तोंडाला लागलेली च्युई तुम्ही घ्याल का? न फोडलेलं पाकीट आम्ही विनातक्रार बदलून देतो. ऑनलाइन स्वस्त मिळतं, फुटपाथवर त्याहून स्वस्त, हे आम्हालाही दिसतं. तिकडे घेतलंत तरी पाकिटावर मटेरियल आणि बनवणाऱ्याचं नाव छापलंय का ते बघा. एरवीच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. ज्याच्या तोंडात सगळंच जातं त्याच्या खेळण्यावर तो हवाच. आणि बटण सेलची खेळणी अशा घरात शक्यतो नकोत. रिमोटच्या सेलचं झाकणही स्क्रूने बंद असू द्या. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

गळ्यातल्याबद्दल एक अट

तीन वर्षांखाली गळ्यातलं आम्ही देत नाही, कितीही आग्रह केला तरी. डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) अशा गळ्यातल्या-हातातल्या माळांबद्दल गळा आवळण्याचा आणि मणी घशात अडकण्याचा इशारा दिला होता. आमच्या सगळ्या दोऱ्यांना ओढल्यावर सुटणारा हूक आहे. तो सारखा सुटतो म्हणून काहीजण वर गाठ मारतात. कृपा करून मारू नका, तो सुटण्यासाठीच आहे. झोपताना, झोपाळ्यावर, घसरगुंडीवर गळ्यातलं काढून ठेवा. किडलेला किंवा हलणारा दात असेल तर कडक च्युई देण्याआधी दातांच्या डॉक्टरांना विचारा.

घरी देताना

चावणं सुरू झाल्यावर हातातून कॉलर खेचून च्युई कोंबली की मुलाला ती शिक्षा वाटते. ज्या वेळेला चावणं ठरलेलं आहे, म्हणजे स्कूल बसमध्ये किंवा अभ्यासाला बसताना, त्याच्या थोडं आधी हातात द्या आणि विषय सोडून द्या. शाळेत बाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर खेळणं म्हणून जप्त होते. आजी-आजोबांनाही समजावून सांगा. "एवढा घोडा झाला नि काय चघळतोय!" हे एकदा ऐकलं की मूल च्युई लपवतं आणि कॉलरकडे वळतं.

आमच्याकडचं काही न घेताही करण्यासारखं बरंच आहे. मधल्या वेळेला खाकरा, कडक भाकरी, गाजराचे तुकडे द्या (लहानग्यांना अख्खे दाणे-चणे आणि कच्च्या गाजराचे तुकडे नकोत, अडकतात). घट्ट मिल्कशेक बारीक स्ट्रॉने प्यायला द्या. कणीक मळायला, भाजीची पिशवी जिना चढवायला घ्या, भिंत ढकलायचा खेळ खेळा. अंगाला असं जोराचं काम मिळालं की काही मुलांचं चावणं कमी होतं. नीट तपासून घ्यायचं असेल तर केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहेत, तिथे मुलाच्या अशा सवयी आणि रोजची कामं बघून व्यायाम, खेळ सुचवतात.

ज्यांनी आमच्याकडे येऊ नये

मूल चावत नसून खात असेल, म्हणजे पाटीवरची पेन्सिल, माती, खडू, भिंतीचे पोपडे, कागद गिळत असेल आणि हे महिनाभर चाललं असेल, तर च्युई घेऊ नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. याला पायका म्हणतात. यामागे बरेचदा लोहाची कमतरता असते, ती रक्ताच्या तपासणीत कळते. जुन्या चाळीतल्या भिंतीचे पोपडे खात असेल तर शिशाचीही तपासणी करायला सांगा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पेन्सिलीच्या काळ्या कांडीची भीती मात्र नको, तीत शिसं नसतं, ग्राफाइट आणि चिकणमाती असते. पेन्सिलीत खरी भीती लाकडाच्या कुसळांची.

पावसाळ्यात

च्युई रोज साबणाने धुवा. सिलिकॉनची असेल तर उकळत्या पाण्यातून काढली तरी चालते. पूर्ण सुकल्याशिवाय डबीत बंद करू नका. जुलैत मुंबईत डबीत ओली राहिलेली कुठलीही वस्तू बुरसते, आणि मग तक्रार वासाची येते. आठवड्यातून एकदा ती ताणून बघा. चीर दिसली की टाकून द्या, "अजून चालेल" म्हणून ठेवू नका. धुण्या-सुकवण्यात एक अडकली की मूल कॉलरकडे वळतं, त्यामुळे दोन असलेल्या बऱ्या. एकदम दोन घेतल्यास दुसरीवर दहा टक्के सूट आहे.

गणपती आणि दिवाळीच्या आधी दादरच्या गर्दीत मुलाला घेऊन येऊ नका, त्याचे हाल होतात आणि तुमचेही. चावलेली कॉलर तेवढी पिशवीत घालून आणा, आणि धुऊन आणलीत तर उपकार होतील.