गोव्याचा उकाडा आणि पिंजऱ्यातली पाखरे

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास आमच्या फोंड्याच्या घराच्या पडवीत टांगलेल्या पिंजऱ्यातले बजरीगर, ज्यांना आपण सर्रास लव्हबर्ड म्हणतो, दांडीवर अगदी निश्चल बसलेले असतात. पिसे अंगाला घट्ट चिकटलेली, पंख खांद्यापाशी किंचित उचलून अंगापासून दूर धरलेले, चोच अर्धवट उघडी आणि शेपटी श्वासागणिक वरखाली होणारी, असे त्यांचे रूप पाहून जीव कासावीस होतो. भिंतीवरच्या तापमापकात मात्र तेव्हा ३३ अंशच दिसत असतात. या जातीचे मूळ घर म्हणजे ऑस्ट्रेलियाचा कोरडा अंतर्भाग, आणि तिथे चाळिशीचा उन्हाळाही ती सोसते. मग गोव्यात ३३ अंशांतच तिला धाप का लागते, याचे उत्तर तापमापकात नाही, हवेतल्या ओलाव्यात आहे.

पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. त्यांच्या शरीराचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साधारण ४० ते ४२ अंश असते. अंगातली जास्तीची उष्णता बाहेर टाकण्यासाठी ते मुख्यतः तोंड, घसा आणि श्वसनमार्गाच्या ओल्या अस्तरावरून पाण्याची वाफ करतात, आणि धापा टाकणे म्हणजे नेमके हेच काम. पाण्याची वाफ होताना किती उष्णता खर्ची पडते, हे बजरीगरच्या अंगाच्या मापाने पाहिले तर आश्चर्य वाटते. या पक्ष्याचे वजन जेमतेम ३५ ग्रॅम असते. पाण्याचा एकच थेंब, म्हणजे सुमारे ०.०५ ग्रॅम पाणी, पूर्णपणे वाफ होऊन गेले तर त्याच्या सबंध शरीराचे तापमान जवळजवळ एक अंशाने उतरेल एवढी उष्णता ते सोबत नेते.

पण हा थेंब वाफ होऊन जाण्यासाठी बाहेरच्या हवेत त्याला जागा हवी. पक्ष्याच्या घशातून ४१ अंशांना बाहेर पडणाऱ्या एक लिटर हवेत जास्तीत जास्त ५३ मिलिग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. ४० अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या रखरखीत हवेत आधीच जेमतेम ८ मिलिग्रॅम बाष्प असते. म्हणून तिथे प्रत्येक लिटर श्वासाबरोबर सुमारे ४५ मिलिग्रॅम पाणी बाहेर टाकता येते. गोव्यातल्या ३३ अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत मात्र २८ मिलिग्रॅम बाष्प अगोदरच भरलेले असते, आणि बाहेर टाकायला उरतात फक्त २५. हा हिशेब ढोबळ असला तरी त्याचा अर्थ स्पष्ट आहे: तेवढाच गारवा मिळवण्यासाठी आपल्याकडच्या पाखराला जवळजवळ दुप्पट हवा आत-बाहेर करावी लागते. त्या कष्टाने स्नायू आणखी तापतात, आणि धाप फार वाढली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घटून पक्षी अधिकच अडचणीत येतो.

म्हणूनच देशावरचे उपाय इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. सोलापूरकडे पिंजऱ्यावर ओले गोणपाट टाकले की आत गारवा येतो, कारण तिथली कोरडी हवा गोणपाटातले पाणी झपाट्याने ओढून घेते. आपल्या दमट हवेत तेच गोणपाट तासन्‌तास ओले राहते, वारा अडवते आणि आतली आर्द्रता वाढवते. बंद खोलीत पाण्याचा कूलर लावल्यानेही तेच होते. कळवळ्याने केलेला उपाय पाखराच्या जिवावर बेतू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर सांगावेसे वाटते.

याच निसर्गनियमाची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. गोव्याची हवा दमट असली तरी ती पक्ष्याच्या अंगापेक्षा सात-आठ अंशांनी थंडच असते. त्यामुळे हवा खेळती राहिली तर उघडे पाय, चोच आणि पंखांखालचा विरळ पिसांचा भाग यांतून उष्णता वाफेविनाच बाहेर जाते. पंख दूर धरून बसण्याचे कारणही हेच. पंखा थेट अंगावर न रोखता खोलीत वारा फिरेल असा लावावा आणि पिंजरा दोन खिडक्यांच्या वाऱ्यात, पण उन्हाच्या तिरिपेबाहेर ठेवावा. किनाऱ्यालगत दुपारी पश्चिमेचे खारे वारे सुटतात, पण त्याच बाजूने उतरते ऊनही येते, तेव्हा तिथे चटईचा पडदा लागतो. पत्र्याच्या छपराखाली पिंजरा मुळीच टांगू नये, कारण तापलेला पत्रा वरून चुलीसारखी धग टाकत राहतो. वातानुकूलन यंत्र असेल तर ते हवा थंड करताना तिच्यातले पाणीही काढून घेते, म्हणून फार थंडी न करता लावले तरी पुरते.

आंघोळीची वेळही विचार करून ठरवावी. उथळ थाळीत पाणी किंवा पिंजऱ्यात ओल्या कोथिंबिरीची जुडी सकाळी दहा-अकराच्या सुमारास द्यावी. तापमान वाढत जाते तशी सापेक्ष आर्द्रता उतरत जाते, त्यामुळे पिसे दुपारपर्यंत वाळतात. संध्याकाळी भिजलेले पाखरू रात्रभर ओलेच राहते.

पक्षी दांडीवरून खाली बसला, तोल जाऊ लागला किंवा हाक मारूनही सावध होईना, तर त्याला ताबडतोब वाऱ्याच्या, सावलीच्या जागी न्यावे आणि त्याचे पाय साध्या पाण्याने ओले करावेत. बर्फाचे पाणी वापरू नये, कारण त्याने पायातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. चोचीच्या टोकाला थेंब लावावा. तेवढे करून लगेच पशुवैद्याकडे निघावे.

जूनमध्ये पाऊस लागला की उकाडा सरतो, पण ओलावा राहतो, आणि त्याची झळ आता दाण्याला लागते. मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची बेगमी होते, सुकी मासळी, मिरची, कोकम भरून ठेवले जाते. पाखरांच्या राळ्याची बेगमी मात्र करू नये. दाणे भोवतालच्या हवेतला ओलावा शोषतात आणि त्यांवर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते. तिचे बीजाणू पक्ष्यांच्या फुप्फुसांत व हवेच्या पिशव्यांत रुजतात, तर तिच्या काही जातींचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करते. भुईमुगाच्या शेंगांत हा धोका विशेष असल्याने पावसाळ्यात त्या देऊच नयेत. पंधरा दिवसांपुरताच राळा आणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा आणि रोज मूठभर हातावर घेऊन हुंगावा. कुबट वास आला, किंवा दाणे एकमेकांना चिकटून त्यांची गाठ झालेली दिसली, तर उन्हात वाळवून ते वापरण्याचा मोह धरू नये. उन्हाने ओल जाते, विष जात नाही.