पूल भरायची घाई

पुण्याच्या पश्चिमेकडच्या बावधन, सूस, पिरंगुट या पट्ट्यात बंगल्यामागे पोहण्याचा छोटा तलाव बांधायचं काम बहुधा दिवाळीनंतर निघतं आणि पोरांच्या परीक्षा संपायच्या आत उरकायचं असतं. खोदताना कातळ लागतो, ब्रेकर आणावा लागतो, त्यात बरेच दिवस जातात. मग सळई बांधून काँक्रीट पडतं, खड्ड्याला आकार येतो आणि घरच्यांना वाटतं, आता राहिलंय काय? टाइल चिकटवायच्या आणि टँकर बोलवायचा.

पैसे बुडायची खरी शक्यता इथून पुढे सुरू होते. कारण यानंतरचं प्रत्येक काम आधीच्या कामाला झाकून टाकतं. काँक्रीटवर वॉटरप्रूफिंग, त्यावर प्लास्टर, त्यावर टाइल आणि शेवटी पाणी. गळती आधी सापडली तर बादलीभर मसाल्यात भागतं. टाइल लागल्यावर सापडली, तर ती नेमकी कुठे आहे हे शोधण्यासाठीच निम्मा तलाव फोडायची वेळ येते. म्हणून शेवटच्या टप्प्याचं वेळापत्रक बांधताना ‘कधी संपेल?’ याच्या आधी ‘पुढचा थर चढवण्यापूर्वी काय तपासलं?’ हा प्रश्न ठेकेदाराला विचारावा.

पहिला थर काँक्रीटचाच. काँक्रीट वाळलं की पक्कं होतं, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात ते वाळून नव्हे, तर पाणी पिऊन पक्कं होतं. सिमेंटमधली कॅल्शियम सिलिकेटं पाण्याशी संयोग पावतात, त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा चिकट पदार्थ तयार होतो आणि तो वाळू-खडीला जखडून ठेवतो. पाणी आटलं की ही क्रिया तिथेच थांबते. आपल्याकडे आता बहुतेक सिमेंट फ्लाय ॲश मिसळलेलं असतं. ही राख सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश संयोग पावते आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रं बुजवत जाते, जे पाण्याच्या टाकीला हवंच असतं. पण सावकाश म्हणजे सावकाश. आयएस ४५६ या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवा असं सांगितलं आहे. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर हेच आकडे १० आणि १४ होतात. पुण्यातला मार्च म्हणजे कोरडा आणि उष्णच.

तळाला क्युरिंग करणं, म्हणजे तो ओला ठेवणं, सोपं असतं. सिमेंट-वाळूच्या बारीक पाळी घालून पाणी तुंबवलं की झालं. गोची भिंतींची होते. त्यांच्यावर बारदान सोडतात, सकाळ-संध्याकाळ पाइप मारतात आणि भर दुपारी हात लावून पाहिलं तर वरची वीतभर पट्टी खडखडीत वाळलेली असते. नेमकं याच पट्टीत पुढे स्किमरचं, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या खोक्याचं, तोंड येतं, पाण्याची रेषा येते, काठावरचा कोपिंगचा दगड बसतो. तेव्हा साइटवर चक्कर टाकायचीच असेल, तर दुपारी दोनला टाकावी.

यानंतर पाण्याची चाचणी, आणि ती टाइलच्या आधी. तलाव भरायचा आणि पहिले सात दिवस नुसतं पाहत राहायचं. कोरडं काँक्रीट स्वतःच बरंच पाणी पितं, त्यामुळे सुरुवातीला पातळी उतरतेच. ती घट धरायची नाही. पुढचे सात दिवस रोज ठरावीक वेळी पातळी नोंदवायची. पाणी साठवणाऱ्या बांधकामांच्या मानकातही अशीच पद्धत सांगितली आहे.

आता अडचण अशी की एप्रिलमध्ये पुण्यात उघड्यावरचं पाणी दिवसाला पाऊण-एक सेंटिमीटर आपोआप उडून जातं. ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद तलाव धरला, तर ८ मिलिमीटर म्हणजे रोज अडीचशे लिटरच्या वर पाणी हवेत जातं. मग गळती कुठली आणि बाष्पीभवन कुठलं, हे ओळखायचं कसं? त्यावर एक साधा उपाय आहे. तलावाच्या पायरीवर पाण्यात एक बादली ठेवायची, तिच्यात बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरायचं आणि दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करायची. ऊन, वारा, पाण्याचं तापमान जवळपास सारखंच, म्हणजे बाष्पीभवनही सारखंच. चोवीस तासांनी बादलीत ८ मिलिमीटर आणि तलावात १५ मिलिमीटर उतरलं असेल, तर मधले ७ कुठेतरी गळताहेत. बादली जड असावी, नाहीतर वाऱ्याने कलंडते आणि मग दोष कुणाचा यावरून वाद.

पाणी किती उतरलं याच्याइतकंच ते कुठे येऊन थांबलं हेही पाहावं. उतरत उतरत पातळी एखाद्या नळाच्या तोंडाशी येऊन थबकली, तर गळती त्याच उंचीवर आहे. पीव्हीसी पाइप गुळगुळीत असतो, काँक्रीट त्याला धरत नाही. काँक्रीट आकसलं की पाइपभोवती केसाएवढी फट राहते. म्हणून भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपला पडल फ्लँज, म्हणजे काँक्रीटमध्ये अडकून बसणारी कडी, लावतात. पाइपांची दाबचाचणी वेगळी करावी आणि तीही पाण्याने, हवेने नको. हवा दाबली जाते, तिच्यात ऊर्जा साठते आणि सांधा सुटला तर तुकडे उडतात. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर फक्त चिखल होतो.

चाचणी झाली की मिस्त्रीचं खरं कसब सुरू होतं, ते म्हणजे लेव्हल. हल्ली लेझर आलं आहे, तरी बरेच मिस्त्री पारदर्शक नळी घेऊनच फिरतात. नळीत पाणी भरतात, एक टोक या कोपऱ्यावर, दुसरं समोरच्या कोपऱ्यावर, आतला हवेचा बुडबुडा टिचक्या मारून बाहेर काढतात, मग दोन्हीकडे रेघ. दोन्ही टोकं हवेला उघडी असली की नळी कितीही वेडीवाकडी असो, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर येतं. बुडबुडा राहिला तर मात्र नळी खोटं सांगते. कात्रजच्या तलावातून पेशवाईत पुण्यातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं तेही केवळ पातळीतल्या फरकाच्या जोरावर, तेव्हा या शहराला हे शास्त्र नवं नाही.

तलावात एवढा आटापिटा कशासाठी? घरातली फरशी पाच मिलिमीटर उतरती असली तर कुणाच्या बापाला कळत नाही. तलावात पाणी भरलं की समोर आठ मीटर लांबीची पक्की आडवी रेघ उभी राहते आणि टाइलची ओळ तिच्या शेजारी तिरकी दिसायला लागते. काठावरून पाणी सांडणारा ओव्हरफ्लो पूल असेल तर चूक नुसती दिसत नाही, काम बिघडवते. काठावरून वाहणारा थर काही मिलिमीटरचाच असतो. एक बाजू पाच मिलिमीटरने खाली असली की सगळं पाणी तिकडूनच वाहतं, दुसरीकडचा काठ कोरडा राहतो आणि पृष्ठभागावरचा पालापाचोळा तिथेच फिरत बसतो. असा काठ टाइल लागल्यावर दुरुस्त होत नाही.

टाइलचं काम सगळ्यात देखणं, म्हणून घरचे लोक तिथेच जास्त रेंगाळतात. रंगाची चर्चा करायला हरकत नाही, पण त्याबरोबर एक चाचणीही करावी. चिकटलेल्या टाइलवर नाण्याने हलके ठोकत जायचं. जिथे आवाज पोकळ येईल, तिथे मागे चिकट मसाला नाही, हवा आहे. भरल्यावर त्या पोकळीत पाणी शिरतं, सिमेंटमधला चुना विरघळवतं आणि सांध्यातून बाहेर येऊन पांढरे ओघळ सोडतं. काचेच्या मोझॅकला मागचा मसाला पांढराच हवा, कारण काचेतून तो दिसतो. करडा वापरला तर निवडलेला निळा रंग मळकट होतो. टाइलच्या सांध्यांत भरायचं इपॉक्सी ग्राउट महाग पडतं, पण ते पाणी शोषत नाही आणि क्लोरिनला दाद देत नाही. तळाच्या टाइलवर चार पैसे वाचवायचे असतील तर वाचवावेत, ग्राउटवर वाचवू नयेत असं माझं मत आहे.

काठावरचा कोपिंगचा दगड आणि बाहेरची फरशी यांच्यामध्ये बोटभर फट सोडतात. या फटीचा जीव घेण्याची मिस्त्री मंडळींना फार हौस असते. पांढऱ्या सिमेंटने ती भरून टाकली की काम नीटस दिसतं. पण तलाव कातळावर किंवा मुरमावर बसलेला असतो आणि फरशी बऱ्याचदा भरावावर. त्या भरावात काळी माती असली तर पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फरशी हलते, तलाव हलत नाही. मधली फट पॉलिसल्फाइडसारख्या लवचिक सीलंटने भरलेली असली तर ती ही हालचाल पोटात घेते. सिमेंटने भरली असेल तर एकदोन मोसमांत कोपिंगचे दगड उचकटतात. फरशीचा उतारही तलावाकडून बाहेर हवा, नाहीतर पहिल्याच वळवाला अंगणातली माती पाण्यात येते.

दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत, त्या भरण्याआधी स्वतः पाहाव्यात. तळाला पंपाकडे जाणारं एकच तोंड असेल आणि त्यावर कुणाची पाठ बसली, तर पंप ओढतच राहतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर अर्ध्या वातावरणाइतकी पोकळी निर्माण झाली तरी ओढ १६० किलो वजनाएवढी होते. एवढ्या जोरातून मूल काय, धडधाकट माणूसही सुटत नाही. म्हणून एकमेकांपासून मीटरभर अंतरावर दोन तोंडं हवीत, एकाच पाइपला जोडलेली. एक झाकलं तर दुसऱ्यातून पाणी येत राहतं. झाकणंही फुगीर हवीत, सपाट नकोत. दुसरी गोष्ट विजेची. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचेच असावेत, त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर असावा, सर्किटवर ३० मिलिअँपिअरची विद्युतगळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असावा आणि शिडी, कठडा, सळई असं सगळं धातूकाम एकमेकांना जोडून अर्थिंगला नेलेलं असावं. ओल्या अंगाचा विद्युतरोध कमी होतो, त्यामुळे घरात नुसती झिणझिणी देणारा दोष इथे जीव घेऊ शकतो.

आता भरणं. टाइल आणि ग्राउटच्या पिशवीवर किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढे थांबायचं. ८ बाय ४ चा आणि सरासरी १.२ मीटर खोलीचा तलाव म्हणजे ३८,४०० लिटर, दहा हजारी टँकरचे साधारण चार. चारही एकाच दुपारी ओतायचा मोह होतो. पण उन्हात तापलेल्या टाइलवर गार पाणी आणि त्याच वेळी वाढणारा दाब, हे दोन्ही एकदम नको. दिवसाला पाऊण मीटरहून जास्त चढवू नये.

पाणी कुठलं हेही विचारावं. खडकवासला धरणाचं पाणी तुलनेने मृदू, बोअरचं बहुधा जड. दोन्हींचे धोके उलटे असतात. मृदू पाण्याला कॅल्शियमची भूक असते, ते सिमेंटच्या सांध्यातून तो ओढून घेतं. जड पाणी उन्हात तापलं की टाइलवर पांढरा थर सोडतं. हा तोल मोजायचा निर्देशांक विल्फ्रेड लँगेलिअर यांनी १९३६ साली मांडला. पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा), तापमान, कॅल्शियम आणि क्षारता यांवरून तो काढतात. उत्तर शून्याजवळ असेल तर पाणी ना खातं ना थर चढवतं. त्यासाठी कॅल्शियमची कठिणता २०० ते ४०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग) आणि क्षारता ८० ते १२० पीपीएम यांच्या आसपास ठेवतात.

नव्या तलावात पहिले काही आठवडे पीएच सारखा वर जातो, कारण सिमेंटमधला चुना अजून सुटत असतो. याचा क्लोरिनशी थेट संबंध आहे. जंतू मारण्याचं काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल करतं. पीएच ७.५ असताना पाण्यातल्या मोकळ्या क्लोरिनपैकी साधारण निम्मा या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच न पाहता नुसती पावडर ओतत राहिलं तर पैसे जातात आणि पाणी हिरवं ते हिरवंच. तेव्हा सुरुवातीला पीएच रोज पाहावा, ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावा, आणि आम्ल नेहमी पाण्यात घालावं, पाणी आम्लात नाही.

राहिला पावसाळा. कातळात खोदलेल्या खड्ड्यात तलाव बसवला की भोवती सैल भराव राहतो. पावसाचं पाणी त्या भरावात मुरतं आणि खालचा कातळ ते सहजी पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे परिसरातली भूजलपातळी खोल असली तरी तलाव मात्र पाण्याने भरलेल्या दगडी वाडग्यात उभा असतो. पाण्यात दाबलेलं रिकामं पातेलं जसं वर उसळतं, तसाच हाही उसळू शकतो. आपल्या उदाहरणातल्या तलावाच्या भिंती आणि तळ २० सेंटिमीटर जाडीचे धरले, तर काँक्रीटचं वजन होतं ३३-३४ टन. बाहेरचं पाणी तळाच्या खालच्या बाजूपासून मीटरभर चढलं की ते ३७ टनांनी वर ढकलतं. भोवतालची माती थोडं धरून ठेवते, पण तिच्या भरवशावर राहू नये. तलाव भरलेला असतो तेव्हा आतलं ३८ टन पाणी त्याला खाली दाबून ठेवतं. धोका रिकाम्या तलावालाच असतो, म्हणजे बांधकाम लांबून जून उजाडला तर अर्धवट तलावालाही.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे भरावात तलावाच्या तळापेक्षा खोल जाणारा, भोकं पाडलेला एक उभा पाइप, बाजूने खडी आणि वर झाकण. त्यात दोरी सोडली की बाहेर पाणी किती चढलंय ते कळतं आणि गरज पडली तर छोटा पंप सोडून ते उपसता येतं. हा पाइप भराव टाकतानाच बसवायचा असतो, नंतर तो बसवणं फार जिकिरीचं. पुढे कधी टाइल बदलायला किंवा तळ घासायला तलाव रिकामा करायचा झाला, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि आधी त्या पाइपात दोरी सोडून मगच करावा.